वसई, पानपत आणि फाजील आत्मविश्वास

डहाणूहून पूर्वेस निघून कासा ओलांडलें कीं सायवनकडील डोंगराळ मुलूख लागतो. वारली वस्तीचे पाडे, रानें, आणि त्यांवर पहारा करीत असल्यासारखा गंभीरगड, असें या भागाचें रूप आहे. पश्चिमेस समुद्रकांठीं डहाणू व तारापूर, दक्षिणेकडे रानांत अशेरी, उत्तरेस दमण. नकाशा पुढें घेऊन या नांवांभोवतीं रेघ ओढली, तर तेवढ्याशा टापूंत मराठ्यांच्या इतिहासांतील एक फार बोधप्रद प्रकरण सामावलेलें दिसेल. शाळेंतील पुस्तकांत तें 'वसईची मोहीम' या नांवाखालीं येतें. आणि वसईच्या तटास पडलेल्या खिंडारापाशीं आपली सारी दृष्टि खिळून राहते. तारापूर, डहाणू, अशेरी हीं नांवें एका ओळींत उरकलेलीं असतात. माझ्या मतें त्या ओळींतच मोहिमेचें मर्म आहे. आत्मविश्वास कशास म्हणावें आणि फाजील आत्मविश्वास कशास म्हणावें, या नेहमीं घोटाळ्यांत पडणाऱ्या प्रश्नाचें उत्तरहि तेथेंच सांपडण्यासारखें आहे.

हा घोटाळा आपल्या घरोघर चालतो. मुलगा परीक्षेच्या दिवसांत निर्धास्त असला आणि पहिल्या वर्गांत आला, तर काका म्हणतात, 'पोराला आत्मविश्वास मोठा!' तोच मुलगा तितकाच निर्धास्त राहून नापास झाला, तर तेच काका म्हणतात, 'फाजील आत्मविश्वास नडला.' दोन्ही वेळां मुलाच्या मनाची तपासणी कोणींच केलेली नसते. निकाल पाहून नांव ठेवलेलें असतें. व्यापारांतहि हेंच, आणि इतिहासांतहि हेंच. जिंकलेल्याचें तें धाडस आणि हरलेल्याचा तो उद्दामपणा, असा आपला सोपा हिशेब. परंतु या हिशेबाचा उपयोग काय? निकालानंतर मिळणारें ज्ञान ज्याला हवें होतें त्याच्या कामीं येत नाहीं. घरांतून बाहेर पडणाऱ्या माणसाला पाऊस लागेल कीं नाहीं हें आधीं कळावयास हवें. भिजून परत आल्यावर छत्रीचें माहात्म्य सांगणारे पुष्कळ भेटतात. तेव्हां निकालापूर्वीं लावतां येईल अशी कांहीं कसोटी आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

आपली भाषा येथें थोडी दिशाभूल करते. 'फाजील' म्हणजे गरजेहून जास्त झालेलें. 'अति तेथें माती' ही म्हणहि त्याच अंगाची. यांवरून असें वाटतें कीं, आत्मविश्वास हा आमटींतील मिठासारखा पदार्थ असून तो बेतांत पडला तर चव येते, चिमूटभर अधिक पडला तर बिघडतो. पण अनुभव असा नाहीं. ज्याला स्वतःचा अतोनात भरंवसा आहे तो कित्येकदां अत्यंत सावध असतो. आणि ज्याचा भरंवसा यथातथाच आहे तो एखाद्या किरकोळ यशानें बेसावध होऊन बसतो. 'विश्वास' या शब्दाच्या मुळाशीं 'श्वस्' हा धातु आहे. मोकळा श्वास घेणें, निर्धास्त होणें, हा त्याचा मूळ भाव. माणूस किती मोकळा श्वास घेतो हें पाहून कांहीं कळत नाहीं. कशाच्या जोरावर घेतो, हें पाहिलें पाहिजे.

आतां वसईकडे वळूं. १७३७ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस मराठ्यांनीं साष्टीवर चाल केली. त्या क्षणीं फाजील आत्मविश्वासाचा नमुना पाहावयाचा तर तो पोर्तुगीजांकडे पाहावा. वसई त्यांच्या हातीं १५३४ मध्यें आली, दमण १५५९ मध्यें. दोनशें वर्षें हा किनारा त्यांचा होता. दोनशें वर्षें जें टिकलें तें पुढेंहि टिकेल, या समजुतीवर त्यांचा कारभार चालला होता. १७२८ मध्यें या उत्तर फिरंगाणांतील किल्ल्यांची पाहणी झाली व त्यांची हलाखी कागदावर नोंदलीहि गेली. पण नोंद झाली म्हणजे दुरुस्ती झाली असें नव्हे. ठाण्याचा नवा किल्ला हल्ल्याच्या वेळीं अपुराच होता. गंगाजी नाईक अंजूरकर व त्यांचे बंधु यांच्यासारखे तेथील असंतुष्ट लोक मराठ्यांस खडान्खडा माहिती पुरवीत होते. ठाणें पहिल्याच झपाट्यांत पडलें.

हें सोपें यश मराठ्यांनाहि घातक ठरावयाचें. ठाण्याच्या पाठोपाठ वसईहि अशीच पडेल, अशा उमेदीनें शिड्या लावून हल्ले झाले; ते फसले. पुढच्या हिंवाळ्यांत माहीमच्या वेढ्यांतहि मराठ्यांस मागें यावें लागलें. त्याच सुमारास बाजीराव भोपाळास निजामाशीं गुंतले आणि निजामाची दक्षिणेकडून येणारी कुमक अडविण्याकरितां चिमाजी आप्पांस तापीकांठीं राहावें लागलें. अशा रीतीनें जवळजवळ सबंध वर्ष गेलें. १७३८ च्या पावसाळ्यांत पुण्यांतील एखाद्या शहाण्या गृहस्थास विचारलें असतें, तर तो म्हणाला असता, 'फिरंग्यांचे किल्ले घेणें हें आपलें काम नव्हे. आप्पासाहेबांचा हा फाजील आत्मविश्वास आहे.' त्या दिवशींच्या निकालावरून त्याचें म्हणणें खरेंहि ठरलें असतें.

१७३८ च्या अखेरीस आप्पा कोंकणांत उतरले. सगळ्यांच्या डोळ्यांपुढें वसई होती. कीर्ति तेथें होती, दौलत तेथें होती, आणि दीड वर्षांपूर्वींच्या अपयशाचा डागहि तेथेंच धुवावयाचा होता. केवळ स्वतःच्या पराक्रमावर विसंबणारा सेनापति सरळ वसईवर गेला असता. आप्पा तसे गेले नाहींत. ते उत्तरेस वळले. १७३९ च्या जानेवारींत माहीम, केळवें, शिरगांव हीं ठाणीं पडलीं. तारापुरास निकराची झुंज झाली. बाजी भिवरावांसारखा मोहरा तेथें कामास आला. पुढें डहाणू आणि अशेरी हीं हातीं आलीं. याच सुमारास व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या मुलखांत शिरले व त्यांनीं पोर्तुगीजांच्या राजधानीला आपल्याच दाराची काळजी लावून दिली. फेब्रुवारींत वसईला वेढा पडला तेव्हां तिच्या उत्तरेचीं ठाणीं गेलेलीं होतीं आणि दक्षिणेकडून मदत येण्याची वाट बिकट झालेली होती. म्हणूनच मी म्हणतों कीं, निम्मी वसई तारापूर, डहाणू आणि अशेरी येथेंच घेतली गेली होती.

पुढचे तीन महिने सुखाचे मुळींच नव्हते. किल्ल्याच्या तीन बाजूंस पाणी. चालून जावयाचें तर उत्तरेच्या बाजूनें. पहिल्या खेपेस शिड्या फसल्या होत्या, तेव्हां आतां सुरुंग खणले गेले. कांहीं सुरुंग भलत्या वेळीं उडून आपलेच लोक गाडले गेले. इकडे नादिरशहानें कर्नाळची लढाई जिंकून दिल्ली घेतल्याच्या बातम्या आल्या. बाजीरावांना उत्तरेकडे फौज हवी होती आणि आप्पांची फौज या तटाखालीं अडकून पडली होती. उतावळेपणा क्षम्य ठरावा असा तो प्रसंग. तरी सुरुंग पिकेपर्यंत त्यांनीं दम धरला. जूलियन पंचांगाच्या मेच्या आरंभीं, म्हणजे आजच्या गणनेनें १७३९ च्या मेच्या मध्यास, तटास खिंडार पडलें, घनघोर झुंज झाली, आणि किल्लेदारानें पांढरें निशाण लावलें. शिबंदीस हत्यारांनिशीं, वाद्यें वाजवीत, सन्मानानें बाहेर जाऊं दिलें गेलें. शत्रूनें शौर्याची शर्थ केली आणि आपले लोक हजारोंनीं पडले, हें या विजयाच्या वर्णनांत आप्पांनीं लपवून ठेविलेलें नाहीं.

आप्पांविषयीं एक आख्यायिका महाराष्ट्रांत घरोघर सांगतात. किल्ला हातीं येईना तेव्हां ते म्हणाले म्हणे कीं, वसई मिळत नसेल तर माझें डोकें तरी तोफेंत घालून किल्ल्यांत उडवा. ती खरी असो वा नसो, लोकांच्या मनांत आप्पा या एका उद्गारानें राहिले आहेत. गंमत अशी कीं, हा उद्गार सुटा घेतला तर तो उद्दाम माणसाच्या तोंडींहि शोभेल. त्याला अर्थ येतो तो त्याच्या आधींच्या दोन वर्षांमुळें. शिड्या फसल्या हें ज्यानें मान्य केलें, माहीमचा पराभव ज्यानें पचविला, डहाणूपासून गोव्यापर्यंतच्या वाटा ज्यानें मोजल्या, त्याला अखेरच्या दिवशीं डोकें पणास लावण्याचा अधिकार होता. आरंभींच जो डोकें पणास लावतो त्याच्याजवळ बहुधा लावण्यासारखें दुसरें कांहीं नसतें.

वसई पडली तेव्हां आप्पांचा मुलगा सदाशिव नऊ वर्षांचाहि झालेला नव्हता. पुढच्याच वर्षीं, १७४० च्या एप्रिलांत बाजीराव गेले आणि डिसेंबरांत आप्पाहि गेले. ज्या मोहिमेनें बापास अमर केलें तिची कथा मुलाच्या कानीं विजयाची कथा म्हणून आली असणार. विजयाच्या कथेंत तारापूरची ओळ लहान होते आणि खिंडाराचें वर्णन मोठें होतें. घरांतल्या गोष्टींचा हा स्वभावच आहे.

सदाशिवरावभाऊ मोठे कर्तबगार निघाले. हिशेबांत कडक, कामांत तडफदार, लढाईंत निर्भय. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं उदगीरला त्यांनीं निजामास नमविलें. इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यानें त्या लढाईंत मोठी कामगिरी केली. महिना-सव्वा महिन्यानें तेच सेनापति, तोच तोफखाना आणि तोच हुरूप घेऊन फौज परतूडाहून उत्तरेस निघाली. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. अब्दालीचें पारिपत्य करावयाचें होतें.

उदगीरनें काय सिद्ध केलें होतें? आपल्याच मुलखांत, रसद पाठीशीं असतां, एका परिचित शत्रूवर तोफखान्याच्या जोरावर मात करतां येते, एवढें. यमुनेकांठीं, दुष्काळलेल्या परक्या मुलखांत, चपळ घोडदळाच्या धन्याशीं गांठ पडल्यावर काय होईल, याविषयीं उदगीर मुकें होतें. पण यशाला सांगावयास लावलें कीं तें वाटेल तें सांगूं लागतें.

फौजेबरोबर बायकामुलें होतीं, यात्रेकरू होते, आणि लढवय्यांहून बुणगे अधिक होते. हा जड पसारा मागें सुरक्षित ठिकाणीं ठेवावा आणि हलक्या फौजेनें शत्रूची रसद तोडीत लढावें, असा सुरजमल जाटाचा सल्ला होता, असें बखरींतून व इतर वृत्तांतांतून येतें. हा सल्ला म्हणजे खरें पाहतां मराठ्यांचीच जुनी विद्या. ती परक्यानें आठवून द्यावी लागली. तो मानला गेला नाहीं, आणि पुढें सुरजमल निघून गेला. ऑगस्टांत दिल्ली हातीं आली. १७ ऑक्टोबर १७६० रोजीं कुंजपुरा पडला. तेथें धान्य मिळालें, सूड मिळाला, जयजयकार झाला. त्यानंतर आठ-नऊ दिवसांतच अब्दाली दिल्लीच्या बाजूला बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला. खालच्या उतारांवर त्याला रोखण्यासारखा बंदोबस्त नव्हता. यमुनेचा पूर मराठ्यांना आडवा आला होता. तो शत्रूलाहि आडवाच राहील, असें धरलें गेलें. आतां दक्षिणेची वाट शत्रूच्या हातीं गेली. पानपतास अडीच महिने उपासमारींत काढल्यावर १४ जानेवारी १७६१ चा दिवस उजाडला. त्या दिवशींची हकीकत महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको.

येथें भाऊंवर अन्याय होऊं नये. नदी फुगलेली होती, खजिना रिता होता, राजपुतांनीं पाठ फिरविली होती, शुजाउद्दौला शत्रूस मिळाला होता, पुण्याहून वेळेवर पैसा व फौज आली नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें आपल्या साधनांचा पहिला खंड काढला तेव्हां होळकर आणि गोविंदपंत बुंदेले यांच्याकडे बोट दाखविलें. शेजवलकरांनीं १९४६ मधील आपल्या ग्रंथांत भाऊंची बाजू हिरिरीनें मांडली. त्यांतील बरेंच मला पटतें. भाऊ मूर्ख नव्हते, भित्रे तर नव्हतेच. शेवटच्या घटकेपर्यंत ते लढले. स्वतःच्या शौर्याविषयीं त्यांचा जो अंदाज होता तो त्यांनीं प्राण देऊन खरा करून दाखविला.

आणि माझ्या विषयाला हीच गोष्ट महत्त्वाची आहे. फाजील आत्मविश्वास म्हणजे स्वतःला आहों त्याहून मोठें समजणें, अशी सामान्य समजूत आहे. भाऊंनीं स्वतःला मोठें समजण्यांत चूक केली नव्हती. चूक झाली ती नदीविषयीं, धान्याविषयीं, अंतराविषयीं, शत्रूच्या धाडसाविषयीं. आत्मविश्वासाच्या नांवांत 'आत्म' असला तरी त्याची परीक्षा बाहेरच होते. आप्पांचा विश्वास बाहेरच्या गोष्टी मोजून मग आंत स्थिर झालेला होता. पानपतास निघालेल्या फौजेचा विश्वास आंतून निघून बाहेरच्या गोष्टींवर पसरलेला होता. पहिला विचारतो, 'हें फसलें तर मी कोठें उभा राहीन?' दुसऱ्याला हा प्रश्न अपशकुनासारखा वाटतो. निकालापूर्वीं लावतां येईल अशी कसोटी ती हीच: ज्या बेतांत अपयशाला जागा ठेवलेली आहे तो आत्मविश्वासाचा बेत, ज्यांत ती ठेवण्याची लाज वाटली तो फाजील विश्वासाचा. वसई १७३९ मध्येंहि पडली नसती, तरी उत्तरेचीं ठाणीं हातीं राहून आप्पांना पुढल्या सालीं पुन्हां येतां आलें असतें. पानपतास हरल्यावर परत येण्यास वाटच नव्हती.

हा दोष एकट्या भाऊंचा म्हणणें मात्र इतिहासास सोडून होईल. १७५८ मध्यें मराठी फौजा लाहोरापलीकडे गेल्या आणि 'अटकेपार झेंडा लावणें' हा वाक्प्रचार भाषेंत आला. तीनच वर्षांनीं 'पानपत होणें' हा दुसरा आला. पहिला वाक्प्रचार सबंध पुण्याच्या तोंडीं होता. लष्कराबरोबर यात्रा करावयास निघालेल्या कुटुंबांनीं भाऊंना कांहीं विचारलें नव्हतें. मराठी फौज जेथें जाते तेथें तीर्थाची वाट निर्वेध असते, ही त्यांची खात्री होती. सेनापतीच्या डोक्यांत चढणारा कैफ पुष्कळदां आधीं समाजाच्या घागरींत आंबलेला असतो.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, कारण आपल्या पांढरपेशा वर्गाला पानपतापेक्षां तिचीच भीति अधिक आहे. पानपताचा धडा आपण असा घेतला कीं, कोणी थोडें मोठें काम हातीं घेऊं लागला कीं लगेच म्हणावें, 'जपून, फाजील आत्मविश्वास बरा नव्हे.' मुलगा धंदा काढूं म्हणतो, मुलगी दूरदेशीं शिकावयास जाऊं म्हणते. आणि वडीलधाऱ्यांची पहिली हांक ही असते. ही सावधगिरी नव्हे. सावधगिरीचा शब्द उसना घेतलेली भीति आहे. अशा मुलाला 'तुला जमणार नाहीं' असें सांगूं नये आणि 'तुला सगळें जमेल' असेंहि सांगूं नये. त्याला विचारावें, 'तुझें तारापूर कोणतें? डहाणू, अशेरी कोणतीं? मुख्य किल्ल्याला हात घालण्यापूर्वीं काय घेणार आहेस? आणि शिड्या फसल्या तर सुरुंग आहेत काय?' याचें उत्तर त्याच्यापाशीं असेल तर त्याचा उत्साह कितीहि मोठा असो, त्यांतला कण देखील फाजील नाहीं. उत्तर नसेल तर त्याचा थोडासा उत्साहहि फाजीलच.

आपल्या बोलण्यांत एक खोचक उक्ति आहे: 'विश्वास पानपतांत गेला.' पेशव्यांचा वडील मुलगा विश्वासराव, वय अठरा, त्या दिवशीं रणांत पडला, त्यावर ही कोटी आहे. आणि कोणावर भरंवसा टाकण्याचा प्रसंग आला कीं आपण ती हसत हसत वापरतों. पण तिच्यापुढची हकीकत आपण सांगत नाहीं. मुलाच्या आणि भावाच्या दुःखानें नानासाहेब जून १७६१ मध्यें पर्वतीवर वारले, आणि गादीवर विश्वासरावाचा धाकटा भाऊ माधवराव बसला, वय सोळा. घरांत कर्ज, चुलत्याशीं कलह, सीमेवर निजाम आणि हैदर. अटकेपारच्या गोष्टी सांगत बसण्यास त्याला सवड नव्हती. १७६३ च्या ऑगस्टांत राक्षसभुवनाला निजाम हरला. १७७१ मध्यें महादजी शिंद्यांच्या फौजेनें दिल्ली पुन्हां हातीं घेतली. पराभव पाहून, मोजून, त्याची किंमत भरून जो विश्वास उभा राहिला तो पूर्वींच्याहून कमी बोलका आणि अधिक भक्कम होता. विश्वासराव पानपतांत गेले हें खरें. आत्मविश्वास मात्र तेथें गेला नव्हता. तो धाकट्या भावाच्या घरीं, हिशेबाच्या वह्या उघडून बसला होता.